विमानातल्या वांकेल इंजिनाचे ट्यूनिंग आणि ठाण्याची हवा

ठाण्यात जानेवारीच्या पहाटे, तापमान १७ अंश सेल्सिअस असताना, एक घनमीटर हवेत जितका ऑक्सिजन असतो त्यापेक्षा मे महिन्यातल्या ३४ अंशांच्या दमट दुपारी तो सुमारे ८ टक्क्यांनी कमी असतो. यातला मोठा वाटा तापमानाचा आहे, कारण तापलेली हवा प्रसरण पावते; उरलेला बहुतेक वाटा बाष्पाचा आहे, कारण समुद्राकडून आणि खाडीवरून येणारी वाफ हवेतल्या ऑक्सिजन आणि नायट्रोजनची जागा अडवते. पेट्रोलवर चालणारे इंजिन दर फेऱ्याला ठरावीक आकारमानाची हवा आत घेते, ज्वलन मात्र त्या हवेतल्या ऑक्सिजनच्या वस्तुमानावर अवलंबून असते. या दोहोंमधला बदलता फरक ओळखून त्या त्या क्षणी योग्य तेवढेच इंधन देण्याची व्यवस्था लावणे, हे ट्यूनिंगचे मुख्य काम. मोटारीत ते कारखान्यातले अभियंते आधीच करून देतात. स्वतःच्या हातांनी बांधलेल्या विमानात मोटारीचे इंजिन बसवणाऱ्याला मात्र ते पहिल्यापासून स्वतः करावे लागते, आणि इंजिन वांकेल पद्धतीचे, म्हणजे फिरत्या त्रिकोणी रोटरचे, असेल तर दट्ट्याच्या (पिस्टनच्या) इंजिनावर शिकलेले काही नियम तिथे लागू पडत नाहीत.

घरी विमान बांधणे ही कल्पना आपल्याकडे अगदीच अनोळखी राहिलेली नाही. कांदिवलीतल्या घराच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधणारे कॅप्टन अमोल यादव यांच्या विमानाची नोंदणी २०१७ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने प्रायोगिक वर्गात केली. वांकेल इंजिनाशीही महाराष्ट्राचा संबंध आहे. ‘निशांत’ या वैमानिकरहित विमानासाठी ५५ अश्वशक्तीचे देशी वांकेल इंजिन विकसित करण्यात बेंगळुरूच्या दोन संस्थांबरोबर अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, वाहन संशोधन व विकास आस्थापनेचा वाटा होता, आणि २००९ मध्ये कोलारजवळ ‘निशांत’ने त्या इंजिनावर उड्डाण केले.

फेलिक्स वांकेल या जर्मन संशोधकाच्या कल्पनेवरचे पहिले चालते इंजिन १९५७ मध्ये एनएसयू कंपनीत सुरू झाले. पुढे जपानच्या माझ्दा कंपनीने ते चिकाटीने सुधारले, आणि तिचे ‘१३बी’ हे दोन रोटरचे इंजिन जगभरच्या हौशी विमानबांधणी करणाऱ्यांचे आवडते ठरले. या इंजिनात दट्टे नाहीत, झडपा नाहीत, कॅमशाफ्ट नाही. किंचित फुगीर बाजूंचा त्रिकोणी रोटर लंबगोलासारख्या, कमरेत थोड्या आवळलेल्या कोशात फिरतो, आणि रोटरच्या तीन बाजू व कोशाची भिंत यांच्यामध्ये तीन कक्ष सतत लहानमोठे होत राहतात. प्रत्येक कक्ष हवा आत घेतो, दाबतो, जाळतो आणि बाहेर टाकतो. रोटरचा एक फेरा होईपर्यंत मधला उत्केंद्री दांडा तीन फेरे घेतो, त्यामुळे दांड्याच्या दर फेऱ्याला प्रत्येक रोटरमागे एक ज्वलन घडते. हलणारे भाग थोडे आणि वजनाच्या मानाने शक्ती भरपूर, हे विमानासाठी मोठेच आकर्षण आहे. मिनिटाला ६००० फेऱ्यांच्या आसपास हे इंजिन साधारण १६० ते १८० अश्वशक्ती देते. तेवढ्या वेगाने प्रोपेलर फिरवला तर त्याच्या पात्यांची टोके ध्वनीच्या वेगापलीकडे जातील, म्हणून मध्ये दोन ते तीनच्या दरम्यानच्या गुणोत्तराचा गिअरबॉक्स लावतात.

आता आकड्यांकडे वळू. ‘१३बी’च्या एका कक्षाचे आकारमान ६५४ घनसेंटिमीटर आहे. ठाण्याच्या सरासरी हवेने तो पूर्ण भरला, तर त्यात सुमारे पाऊण ग्रॅम हवा मावते. पूर्ण शक्तीसाठी साडेबारा भाग हवेला एक भाग पेट्रोल, हे प्रमाण धरले तर प्रत्येक घोटाला, म्हणजे कक्ष एकदा भरताना, ६० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०८ मिलिलिटर पेट्रोल लागेल. दोन रोटर आणि मिनिटाला ६००० फेरे म्हणजे मिनिटाला १२,००० घोट. त्या हिशेबाने तासाला सुमारे ४३ किलो किंवा ५८ लिटर पेट्रोल होते. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एखाद्या गाळ्यात चाचणीच्या चौकटीवर बांधून चालवलेल्या इंजिनाचा खप या आकड्यापासून फार दूर जात असेल, तर आधी मोजणी तपासावी आणि मगच पुढे जावे, असे मी आग्रहाने सांगेन.

त्या ०.०८ मिलिलिटरमागे एक अडचण दडलेली आहे. ६००० फेऱ्यांना एक फेरा दहा मिलिसेकंदांत संपतो. दट्ट्याच्या चार टप्प्यांच्या इंजिनात इंजेक्टरला, म्हणजे इंधन फवारणाऱ्या तोटीला, दोन फेऱ्यांचा, म्हणजे वीस मिलिसेकंदांचा अवधी मिळतो. वांकेलमध्ये दर फेऱ्याला इंधन द्यावे लागत असल्याने दहाच मिळतात. एवढ्या वेळात पुरेसे पेट्रोल सोडणारा मोठा इंजेक्टर बसवला, तर मंद गतीला लागणारी बारीक मात्रा त्याला अचूक देता येत नाही. म्हणून प्रत्येक रोटरला दोन इंजेक्टर देतात. कमी शक्तीला पहिला एकटाच काम करतो आणि मॅनिफोल्डमधला, म्हणजे कक्षाकडे हवा नेणाऱ्या सेवन नळीतला, दाब ठरलेल्या मर्यादेपुढे गेला की दुसरा त्याला येऊन मिळतो.

ट्यूनिंगमध्ये सर्वाधिक त्रास याच सांध्यावर होतो, आणि त्याचे कारण नीट समजून घेण्यासारखे आहे. इंजेक्टरला विजेचा संदेश मिळाल्यापासून तो प्रत्यक्ष उघडेपर्यंत सुमारे एक मिलिसेकंद वाया जातो. समजा, पहिल्या इंजेक्टरला पाच मिलिसेकंदांचा संदेश मिळत होता. त्यातला एक वाया जाऊन चार कामी येत होते. दुसरा इंजेक्टर सुरू होताच नियंत्रकाने, म्हणजे इंधनाची मात्रा ठरवणाऱ्या संगणकाने, ते पाच मिलिसेकंद दोघांत अडीच-अडीच असे वाटले, तर प्रत्येकाचा एक वाया जाईल, दोघांचे मिळून तीनच मिलिसेकंद उरतील आणि इंधन एकदम एक चतुर्थांशाने घटेल. शिवाय दुसरा इंजेक्टर बहुधा सेवन नळीत बराच मागे असतो, त्यामुळे त्याचे पहिले काही थेंब नळीच्या भिंती ओल्या करण्यातच जातात. परिणामी वैमानिक थ्रॉटल (इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणारा दांडा) पुढे ढकलतो, नेमक्या त्या दाबाला इंजिन अडखळते, आपल्या गॅरेजच्या भाषेत ‘मिसिंग’ करते. उतरता उतरता बेत बदलून पुन्हा वर जायचे असेल, तेव्हा थ्रॉटल याच पट्ट्यातून पुढे जातो. यावर उपाय असा, की आधी दोन्ही इंजेक्टरांचा वाया जाणारा काळ बॅटरीच्या वेगवेगळ्या व्होल्टेजला मोजून नियंत्रकात भरावा, कारण व्होल्टेज पडले की तो काळ वाढतो. मग इंजिन मुद्दाम त्या सांध्याच्या किंचित खाली आणि किंचित वर स्थिर ठेवून दोन्हीकडचे मिश्रण जुळवून घ्यावे. हे झाल्याशिवाय बाकीच्या नकाशाला हात लावू नये; नाहीतर सांध्यावरची चूक झाकण्यासाठी नकाशात ठिकठिकाणी ठिगळे लावली जातात आणि पुढे ती कशासाठी लावली होती हेही कळेनासे होते.

नकाशा म्हणजे नियंत्रकातला तक्ता. मॅनिफोल्डचा दाब आणि इंजिनाचे फेरे यांवरून इंजिनाने किती हवा घेतली याचा अंदाज बांधून, सेवन हवेच्या तापमानाने तो दुरुस्त करून, नियंत्रक इंधनाची मात्रा ठरवतो. या पद्धतीत हवा प्रत्यक्ष मोजली जात नाही, तिचे अनुमान केले जाते, आणि अनुमानातल्या उणिवा तक्त्यातल्या एकेका घरात आकडा कमीजास्त करून भरून काढतात. त्यासाठी धुराड्यात बसवलेला ऑक्सिजन संवेदक मार्गदर्शक असतो. मात्र विमानांच्या शंभर ऑक्टेनच्या पेट्रोलमध्ये शिसे असते आणि ते या संवेदकाला हळूहळू निकामी करते. म्हणून संवेदकाबरोबर धुराचे तापमानही पाहण्याची सवय ठेवणे चांगले. वांकेलमध्ये हे तापमान सहज ९०० अंश सेल्सिअसच्या घरात जाते, कारण वायू बाहेर पडू लागतात तेव्हा ज्वलन पूर्णपणे संपलेले नसते. दट्ट्याच्या इंजिनावर घडलेला वैमानिक तो आकडा पाहून घाबरून मिश्रण श्रीमंत करतो, म्हणजे इंधन वाढवतो, पण इथे जळण्यासाठी एग्झॉस्ट झडपच नसल्यामुळे समतल उड्डाणात मिश्रण बरेच विरळ, म्हणजे कमी इंधनाचे, ठेवता येते आणि पेट्रोल वाचते. तापमानाची झळ खरी पोहोचते ती सायलेन्सरला, आणि विमानातला सायलेन्सर निवडताना या गोष्टीला पुरेसे महत्त्व दिले जात नाही.

विरळपणाची ही सवलत पूर्ण शक्तीला मुळीच नाही. वांकेलचा ज्वलनकक्ष लांबट, पातळ आणि सरकता असतो, म्हणून ज्योत सगळीकडे पोहोचावी यासाठी प्रत्येक रोटरला दोन स्पार्क प्लग असतात आणि एकाची ठिणगी दुसऱ्याच्या किंचित नंतर पडते. विमानात या दोन प्लगांना स्वतंत्र विद्युत मंडले दिली, तर एक बंद पडले तरी इंजिन चालू राहते. हे इंजिन कमी ऑक्टेनचे पेट्रोलही बऱ्यापैकी सहन करते. मात्र विरळ मिश्रण, नेहमीपेक्षा लवकर पाडलेली ठिणगी आणि पूर्ण उघडा थ्रॉटल एकत्र आले आणि नॉकिंग, म्हणजे ज्योत पोहोचण्याआधीच मिश्रणाचा आपोआप होणारा स्फोट, सुरू झाले, तर रोटरच्या टोकांवरच्या २ ते ३ मिलिमीटर जाडीच्या, कक्षांमधली गळती रोखणाऱ्या पट्ट्या म्हणजे सील तुटतात. सील तुटलेले इंजिन बहुधा लगेच थांबत नाही, घटलेल्या शक्तीने फिरत राहते, आणि वैमानिकाला धावपट्टी गाठण्याची संधी मिळते. हा गुण मोलाचा आहे. त्यावर विसंबून ट्यूनिंग करणे मात्र अक्षम्य आहे.

जमिनीवर तयार केलेला नकाशा हवेत का चुकतो, हा प्रश्न मला या विषयात सर्वात रंजक वाटतो. ठाण्यात अर्धवट उघड्या थ्रॉटलला मॅनिफोल्डमध्ये ८०० हेक्टोपास्कल दाब असू शकतो, आणि २००० मीटर उंचीवर थ्रॉटल पूर्ण उघडल्यावरही साधारण तेवढाच असतो. नियंत्रकाच्या तक्त्यात दोन्ही वेळा तेच घर निवडले जाते. पण ठाण्यात धूर १००० हेक्टोपास्कलच्या वातावरणात ढकलावा लागतो, तर वर ८०० हेक्टोपास्कलच्या. वरच्या बाजूला कक्ष अधिक स्वच्छ रिकामा होतो, ताजी हवा थोडी जास्त येते आणि तेच इंधन कमी पडू लागते. बाहेरच्या दाबाची स्वतंत्र दुरुस्ती नियंत्रकात नसेल, तर मिश्रण उंचीबरोबर विरळ होत जाते. इथे बांधलेले विमान ट्रेलरवर घालून घाट चढवून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीच्या बारामतीसारख्या ठिकाणी नेले, तर हा फरक पहिल्या उड्डाणाच्या आधीच सुरू झालेला असतो, कारण तिथला दाब किनाऱ्यापेक्षा सुमारे ६ टक्क्यांनी कमी आहे. म्हणून शेवटची जुळवणी हवेतच, धावपट्टीच्या माथ्यावर पुरेशा उंचीवर, थोड्या थोड्या पावलांनी करायची असते. अमेरिकेत अशा प्रमाणपत्र नसलेल्या इंजिनाच्या विमानाला साधारणतः पहिले ४० तास ठरवून दिलेल्या परिसरातच चाचणी उड्डाणे करावी लागतात, आणि त्यातले कितीतरी तास याच कामी लागतात.

आपल्या हवामानाचे दोन मुद्दे परदेशी अनुभवात फारसे भेटत नाहीत. पहिला बाष्पाचा. दाब मोजणाऱ्या संवेदकाला वाफ आणि हवा यांतला भेद कळत नाही. जुलैत आपल्याकडे वातावरणाच्या दाबातला ३ टक्क्यांहून अधिक वाटा वाफेचा असतो, जानेवारीत त्याच्या निम्म्याच्या आसपास. त्यामुळे हिवाळ्यात केलेला नकाशा पावसाळ्यात साधारण दीड ते दोन टक्के श्रीमंत चालतो. ही चूक लहान आहे आणि सुरक्षित बाजूची आहे. पावसाळ्यात जुळवून डिसेंबरात उडणाऱ्याने मात्र तिची दिशा उलटी होते हे ध्यानात धरावे. दुसरा मुद्दा उन्हाचा. मे महिन्यात धावपट्टीच्या टोकाशी वाट पाहताना बॉनेटखाली उष्णता साठते, सेवन नळीच्या धातूत बसवलेला तापमान संवेदक तापून ६० अंश दाखवू लागतो, आणि प्रत्यक्षात आत जाणारी हवा ४० अंशांचीच असते. नियंत्रक हवा अधिक पातळ समजून ६ टक्के इंधन कापतो, तेही उड्डाणासाठी पूर्ण शक्ती हवी त्याच क्षणी. संवेदक नळीच्या तोंडाशी, प्लास्टिकच्या भागात, वाहत्या हवेत बसवला की ही चूक बरीच कमी होते.

याहून मोठा फरक पेट्रोल पंपावर पडतो. आता सर्रास मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते. शुद्ध पेट्रोलचा एक भाग पूर्ण जाळायला १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलच्या एका भागाला ९, आणि २० टक्के मिश्रणाला सुमारे १३.५. म्हणजे शुद्ध पेट्रोलवर केलेला नकाशा या इंधनावर ८ टक्के विरळ ठरतो, आणि पूर्ण शक्तीला हा फरक सीलच्या जिवावर बेतू शकतो. म्हणून मिश्रणाची नोंद हवा-इंधनाच्या आकड्यात न ठेवता लॅम्डा या गुणोत्तरात ठेवावी. इंधन कोणतेही असो, त्यात १ म्हणजे नेमके पुरेसे आणि ०.८५ म्हणजे शक्तीसाठी श्रीमंत. इथेनॉल पाणी शोषते, काही जातींचे रबर आणि टाकीतली काही रेझिने व सीलंट मऊ करते, त्यामुळे टाकी कोणत्या रेझिनची आहे हे बांधतानाच लिहून ठेवलेले बरे. इंधनाच्या प्रत्येक नव्या साठ्याची साधी चाचणी गाळ्यातच होते: शंभर मिलिलिटरच्या काचेच्या मापपात्रात १० मिलिलिटर पाणी घ्यावे, शंभरच्या खुणेपर्यंत पेट्रोल ओतावे, हलवून स्थिर होऊ द्यावे. तळचा थर १० च्या वर सरकला तर पेट्रोलमध्ये इथेनॉल आहे, आणि तो जितका वर सरकेल तितके नकाशात इंधन वाढवावे लागेल.