एमएसएच्या क्लिनिकल ट्रायलमध्ये सहभाग : नागपूरच्या रुग्णांसाठी पात्रता, कागदपत्रं आणि प्रक्रिया

मल्टिपल सिस्टिम अ‍ॅट्रॉफी, म्हणजे एमएसए, हा हालचाल, तोल, बीपी आणि लघवीवरचा ताबा हळूहळू बिघडवणारा मेंदूचा आजार. त्याच्या रुग्णाचे घरचे लोक ट्रायलची, म्हणजे नव्या औषधाच्या रुग्णांवरच्या चाचणीची चौकशी करू लागतात तेव्हा बहुतेकदा उशीर झालेला असतो. सुरुवातीचा काळ 'पार्किन्सन्स आहे' असं समजून गोळ्या घेण्यात जातो. लघवीच्या त्रासासाठी एका डॉक्टरकडे आणि उठल्यावर चक्कर येते म्हणून हृदयाच्या डॉक्टरकडे फेऱ्या होतात. खरं निदान हाती येईपर्यंत रुग्णाला धरून चालवावं लागतं. आजाराचा वेग कमी करू पाहणाऱ्या ट्रायल मात्र सुरुवातीच्या टप्प्यातलेच रुग्ण घेतात. म्हणून फाइल आधी तयार करा, ट्रायल नंतर शोधा.

संशोधन कशावर चाललंय

या आजारात अल्फा-सिन्यूक्लिन नावाचं प्रथिन मेंदूतल्या ऑलिगोडेंड्रोसाइट पेशींमध्ये साचतं. ते थांबवणारं सिद्ध झालेलं औषध अजून नाही. रिफॅम्पिसिनचा प्रयोग झाला, पण 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालात फायदा दिसला नाही. 2021 मध्ये व्हर्डिपरस्टॅटचंही तेच झालं. आता अ‍ॅमलेनेटग ही अँटीबॉडी आणि एटीएच434 ही लोहाशी बांधली जाणारी गोळी यांच्यावर परदेशात काम सुरू आहे.

दुसऱ्या प्रकारच्या ट्रायल ऑटोनॉमिक फेल्युअरच्या असतात, म्हणजे बीपी, घाम, लघवी आपोआप सांभाळणारी स्वायत्त मज्जासंस्था बिघडून उभं राहिल्यावर बीपी कोसळतं त्यावरच्या. अँप्रेलोक्सेटिन हे त्यातलं एक औषध. या ट्रायल लक्षण कमी करण्यासाठी असतात, त्यांचे निकषही वेगळे असतात. एका ट्रायलमध्ये बसला नाहीत म्हणजे दुसरीतही बसणार नाही, असं धरू नका.

पात्रता

वय बहुधा 30 किंवा 40 च्या पुढे लागतं. लक्षणं सुरू होऊन साधारण 4-5 वर्षांपेक्षा जास्त काळ झालेला नसावा, थोडं तरी चालता यावं, स्मृती आणि समज ठीक असावी आणि नेहमीच्या गोळ्यांचा डोस गेले काही आठवडे बदललेला नसावा, अशा अटी असतात. मेंदूत डीबीएसचं (विजेचे हलके झटके देणारं) यंत्र बसवलेलं असेल किंवा नुकतंच दुसरं प्रायोगिक औषध घेतलं असेल, तर बहुतेक ठिकाणी नकार मिळतो. निदान मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटीच्या 2022 च्या निकषांवर तपासलं जातं. ट्रायलमध्ये बसण्यासाठी मिडोड्रिन (बीपी वाढवणारी गोळी) किंवा लेव्होडोपा (पार्किन्सन्सची नेहमीची गोळी) स्वतःहून बंद करणं धोक्याचं आहे. गरज पडली तर ते डॉक्टरच सांगतील.

फाइलमध्ये काय हवं

सगळ्यात जास्त अडतं ते एमआरआयपाशी. लोक फिल्म जपून ठेवतात आणि सीडी हरवतात. केंद्राला मात्र सीडीतल्या मूळ प्रतिमाच हव्या असतात. ज्या सेंटरला स्कॅन झाला तिथे आजच जाऊन विचारा, जुना डेटा कायम ठेवलेला असेलच असं नाही.

दुसरा कागद घरीच तयार होतो, बीपीची वही. रुग्णाला 5 मिनिटं आडवं झोपवून बीपी घ्या. मग उभं करून 1 मिनिटाने, 3 मिनिटांनी आणि जमलं तर 10 मिनिटांनी पुन्हा घ्या. प्रत्येक वेळी नाडीही लिहा. शेजारी कुणीतरी धरायला हवंच, आणि डोळ्यांपुढे अंधारी आली तर लगेच बसवा. वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने उतरला तर ती घट महत्त्वाची. बीपी इतकं पडूनही नाडी फारशी वाढत नसेल, तर दोष स्वायत्त मज्जासंस्थेत असल्याचा संशय बळावतो. सकाळी, जेवणानंतर आणि रात्री अशा वेगवेगळ्या वेळच्या नोंदी असल्या तर उत्तम.

लक्षणं कोणत्या क्रमाने आणि कोणत्या वर्षी आली याचा एक पानी तपशील करा. लेव्होडोपाचा सर्वांत मोठा डोस किती होता आणि त्याने किती फरक पडला, हे त्यात हवंच. टिल्ट टेस्ट (कलत्या टेबलावर उभं करून बीपी पाहण्याची तपासणी), लघवीच्या तपासण्या, ईसीजी, आतापर्यंतच्या सगळ्या चिठ्ठ्या, आधार कार्ड आणि प्रवासखर्च जमा होण्यासाठी बँक पासबुकाची झेरॉक्स जोडा.

ट्रायल कुठे शोधायची

भारतात सुरू होणाऱ्या प्रत्येक ट्रायलची नोंद आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या सीटीआरआय (CTRI) या नोंदवहीत करणं 15 जून 2009 पासून बंधनकारक आहे. ती ऑनलाइन आणि मोफत पाहता येते. शोधताना फक्त आजाराचं नाव न टाकता 'ऑर्थोस्टॅटिक हायपोटेन्शन' (orthostatic hypotension, उभं राहिल्यावर बीपी उतरणं) आणि 'पार्किन्सोनिझम' (parkinsonism, पार्किन्सन्ससारखी लक्षणं) हे शब्दही इंग्रजीत टाका. नोंद उघडल्यावर रुग्ण घेणं चालू आहे का, केंद्रं कोणती आणि एथिक्स कमिटीची, म्हणजे रुग्णांचं हित पाहणाऱ्या समितीची मंजुरी मिळाली आहे का, हे पाहा. तिथेच 'पब्लिक क्वेरी' या मथळ्याखाली संपर्क असतो, तो सामान्य लोकांसाठीच आहे. बिनधास्त फोन करा.

नागपुरात मेडिकलचं सुपर स्पेशालिटी, मिहानमधलं एम्स किंवा तुमचे रामदासपेठेतले न्यूरॉलॉजिस्ट यांच्याकडून निदानाचं पत्र घ्या. केंद्र बाहेरगावी असलं तरी पहिली चाळणी बऱ्याचदा त्या पत्रावर आणि रिपोर्टवर होते.

संमती आणि हक्क

2019 च्या नवीन औषधे आणि क्लिनिकल ट्रायल नियमांनुसार रुग्णाला समजेल अशा भाषेत माहितीपत्रक द्यावं लागतं. मराठी प्रत मागा, घरी नेऊन वाचा, तिथल्या तिथे सही करू नका. संमतीपत्रावर रुग्णाचं शिक्षण, व्यवसाय, वार्षिक उत्पन्न आणि वारसाचं नाव भरायचं असतं. ते पाहून दचकू नका, भरपाईची वेळ आली तर हीच माहिती लागते. रुग्णाला वाचता येत नसेल तर निष्पक्ष साक्षीदार हवा. सही झालेली एक प्रत तुमच्याकडे राहिली पाहिजे.

ट्रायलमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई मिळण्याची तरतूद आहे. सहभाग कधीही थांबवता येतो, त्यामुळे नेहमीचे उपचार बंद होत नाहीत. तुमच्या वाट्याला औषधाऐवजी प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली पण तशीच दिसणारी मात्रा, येऊ शकतो, आणि तो आलाय हे तुम्हाला कळणार नाही. हे मान्य असेल तरच पुढे जा.

संशोधनाचा खर्च रुग्णाने करायचा नसतो. 'स्टेम सेलची ट्रायल आहे, इतके लाख भरा' असं कुणी म्हणालं तर सीटीआरआय क्रमांक आणि एथिक्स कमिटीचं पत्र मागा. हताश घरांकडून असे पैसे काढणं मला फार क्रूर वाटतं.

तपासणीला जाताना

स्क्रीनिंगच्या, म्हणजे निवडीआधीच्या तपासणीच्या दिवशी सकाळी कोणती गोळी घ्यायची आणि काय खायचं, हे आदल्या दिवशी फोनवर विचारून लिहून घ्या. मे महिन्यात नागपूरचा पारा 45 वर जातो. या रुग्णांना घाम नीट येत नाही आणि उन्हात बीपी आणखी उतरतं, म्हणून सकाळची पहिलीच वेळ मागा. रेल्वेने जायचं तर खालचा बर्थ घ्या आणि डोकं उंच राहील अशा उशा ठेवा, कारण सपाट झोपल्यावर काहींचं बीपी खूप चढतं. तिकिटं सांभाळून ठेवा.

निवड झाली नाही तर कारण विचारा आणि तिथे झालेल्या तपासण्यांच्या प्रती मागून घ्या. काही वेळा औषधाचा डोस स्थिर झाल्यावर पुन्हा स्क्रीनिंग होऊ शकतं. रक्ताचे नमुने किंवा त्वचेची बायोप्सी घेऊन होणारे निरीक्षणात्मक अभ्यासही असतात. आजार पुढे गेलेल्या रुग्णांना त्यांच्यात जागा मिळू शकते, त्यामुळे त्याच फोनवर त्याचीही चौकशी करून ठेवा.