पोरगं कोणाच्या ताब्यात? नेटिव्ह अमेरिकन मुलं, व्यसन आणि कोर्ट यांच्यामागचा इतिहास

अमेरिकेत एखाद्या रिझर्वेशनवर, म्हणजे सरकारने नेटिव्ह जमातींसाठी राखून ठेवलेल्या जमिनीवर, सोळा वर्षांचं पोरगं नशेत चोरी करताना किंवा मारामारी करताना सापडलं तर पहिला प्रश्न त्याला काय झालंय हा नसतो. पहिला प्रश्न असतो हे पोरगं कोणाचं. गुन्हा कुठे झाला, कसला झाला, ज्याच्यावर झाला तो नेटिव्ह आहे का आणि राज्य कुठलं, यावर ठरतं की केस जमातीच्या कोर्टात जाणार, राज्याच्या की थेट फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या. काउन्सेलरचा नंबर या सगळ्यानंतर येतो, आणि तोपर्यंत मुलगा कधीकधी घरापासून शेकडो मैल लांबच्या कोठडीत पोचलेला असतो. हा गुंता काही आपोआप झालेला नाही, तो कसा झाला ते नीट बघायला हवं.

सुरुवात १८८१ पासून करू. आजच्या साऊथ डकोटात क्रो डॉग नावाच्या लाकोटा माणसाने स्पॉटेड टेल या त्यांच्याच पुढाऱ्याला मारलं. दोन्ही घरं बसली, बोलणी झाली आणि ६०० डॉलर, आठ घोडे आणि एक घोंगडी अशी भरपाई ठरून विषय मिटला. भरपाईचा उद्देश शिक्षा हा नव्हताच, दोन कुटुंबांना उद्या पुन्हा शेजारी राहता आलं पाहिजे हा होता. बाहेरच्या लोकांना मात्र हे अजिबात पटलं नाही. क्रो डॉगला फाशी सुनावली गेली, केस सुप्रीम कोर्टात गेली आणि १८८३ मध्ये कोर्ट म्हणालं की जमातीच्या आत घडलेल्या गुन्ह्यावर फेडरल कोर्टाला अधिकारच नाही. मग काय, १८८५ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, मेजर क्राइम्स अ‍ॅक्ट आणला आणि खुनासारखे मोठे गुन्हे जमातीच्या हातातून काढून फेडरल सरकारकडे नेले. आजही या यादीतला गुन्हा असेल तर पोरगं फेडरल यंत्रणेत जाऊ शकतं, आणि त्या यंत्रणेकडे मुलांसाठी वेगळी अशी व्यवस्थाच नाही, कंत्राटावरच्या जागांमध्ये ठेवतात.

त्याच १८८३ साली अजून एक गोष्ट झाली आणि मला वाटतं काउन्सेलिंगच्या दृष्टीने तीच जास्त महत्त्वाची आहे. सरकारने 'इंडियन ऑफेन्सेस' नावाची नियमावली काढली आणि ती लागू करायला रिझर्वेशनवर वेगळी कोर्टं बसवली. त्यात सन डान्ससारखे विधी गुन्हा ठरले, आणि जमातीचे जे वैद्य होते, आजारी माणसाला बरं करणारे, शोकात बुडालेल्याला सावरणारे, त्यांचं कामही गुन्हा ठरलं. शिक्षा म्हणजे रेशन बंद नाहीतर तुरुंग. म्हणजे मन आजारी पडलं तर जायचं कोणाकडे, ती माणसंच आरोपी झाली. आणि त्यांच्या जागी सरकारने दिलं काय? साऊथ डकोटातल्याच कँटन गावात फक्त नेटिव्ह लोकांसाठी वेड्यांचं हॉस्पिटल काढलं, १९०२ च्या अखेरीस ते सुरू झालं. पुढे तपासणीला आलेल्या डॉक्टरने लिहिलं की इथल्या बऱ्याच लोकांना मानसिक आजार दिसतच नाही, माणसं साखळीने बांधलेली सापडली, आणि १९३४ मध्ये ते बंद करावं लागलं. तिथे पुरलेल्या १२१ जणांच्या कबरी आज गोल्फ कोर्सच्या मधोमध आहेत. एखादी आजी नातवाला मानसोपचाराला पाठवायला कचरते तेव्हा तिला अडाणी म्हणणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

बोर्डिंग शाळांबद्दल आता बऱ्यापैकी लिहिलं जातं म्हणून थोडक्यात सांगतो. १८७९ मध्ये पेनसिल्व्हेनियात कार्लाइलची शाळा निघाली आणि तोच नमुना देशभर गेला, केस कापले, भाषा बंद, नाव बदललं. सरकारच्याच २०२४ च्या अहवालात अशा ४१७ शाळा आणि किमान ९७३ मुलांचे मृत्यू नोंदवले आहेत. जी मुलं जिवंत परतली ती आईबाप झाली, पण मूल कसं वाढवतात हे त्यांनी घरात कधी बघितलंच नव्हतं. मारिया यलो हॉर्स ब्रेव्ह हार्ट या लाकोटा अभ्यासक बाईंनी १९८० च्या दशकापासून यालाच ऐतिहासिक आघात म्हणून मांडलं, म्हणजे न केलेला शोक पिढ्यांमागून पिढ्या साचत जातो आणि दारू हा तो दाबण्याचा एक मार्ग होतो.

दारूबद्दल तर एक खोटी समजूत इतकी मुरलीय की खुद्द नेटिव्ह पोरंसुद्धा ती खरी मानतात, की आमच्या रक्तातच दारू पचत नाही. याला शास्त्रीय आधार नाही. सर्व्हे बघितले तर अजिबात न पिणाऱ्यांचं प्रमाण गोऱ्यांपेक्षा नेटिव्ह लोकांत जास्तच निघतं, जे पितात त्यांचं नुकसान मात्र भयंकर होतं. फरच्या व्यापाऱ्यांनी रम आणि व्हिस्की सौद्याचं हत्यार म्हणून आणली, १८३२ मध्ये काँग्रेसने नेटिव्ह मुलखात दारूवर सरसकट बंदी घातली आणि ती १९५३ पर्यंत चालली, आता चोरून पिणारा माणूस घाईघाईत आणि भरपूर पितो हे कोणीही सांगेल. पण व्यसनमुक्ती त्यांना बाहेरून शिकवावी लागली असं समजू नका. सेनेका जमातीतला हँडसम लेक हा स्वतः दारूने खंगलेला माणूस, १७९९ मध्ये त्याला आजारपणात दृष्टांत झाले आणि उरलेलं आयुष्य तो दारू सोडा म्हणून सांगत फिरला, त्याची शिकवण मानणारे आजही आहेत. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस निघालं १९३५ मध्ये, म्हणजे सव्वाशेहून जास्त वर्षांनी.

विसाव्या शतकात कायदे उलटसुलट येत राहिले. १९५३ च्या पब्लिक लॉ २८० ने कॅलिफोर्निया, मिनेसोटा वगैरे राज्यांना रिझर्वेशनवरचे फौजदारी अधिकार दिले, जमातींना न विचारता. १९६८ च्या कायद्याने जमातीच्या कोर्टांना जास्तीत जास्त सहा महिन्यांची शिक्षा देता येईल अशी मर्यादा घातली, ती १९८६ मध्ये एक वर्ष झाली. १९७८ मात्र मोठं साल. धार्मिक स्वातंत्र्याचा कायदा झाला आणि इंडियन चाइल्ड वेल्फेअर अ‍ॅक्टही झाला, कारण तोवर नेटिव्ह मुलांपैकी २५ ते ३५ टक्के मुलं घरातून काढून बाहेर ठेवलेली होती. आता मूल काढायचं तर जमातीला कळवायचं, जमातीला केसमध्ये बोलायचा हक्क. पण यात एक भोक राहिलं. मुलाने गुन्हा केला म्हणून त्याला घराबाहेर ठेवत असतील तर हा कायदा सहसा लागूच होत नाही. म्हणजे आई पिते म्हणून मूल नेलं तर जमातीला कळवतात, तेच मूल स्वतः पिऊन गाडी चोरतं तेव्हा राज्याच्या कोर्टाला कळवायचं बंधन नाही. मुलगा तोच आणि घरही तेच. मला हा सगळ्यात मोठा अन्याय वाटतो आणि तो बुजवायला फार काही लागणारही नाही.

बदल खऱ्या अर्थाने खालून आला. कॅनडात ब्रिटिश कोलंबियातल्या अल्कली लेकमध्ये जवळजवळ अख्खं गाव पीत होतं, १९७२ मध्ये फिलिस चेल्सी आणि मग तिचा नवरा अँडी यांनी दारू सोडली आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत एकेक करत बहुतेक गाव सुटलं. ती गोष्ट सगळ्या जमातींमध्ये पसरली. नवाहो लोकांनी १९८२ मध्ये कोर्टातच जुनी समेटाची पद्धत परत आणली. १९८६ मध्ये काँग्रेसने नेटिव्ह मुलांसाठी प्रादेशिक ट्रीटमेंट सेंटर काढायचं ठरवलं. १९८९ मध्ये मायामीत पहिलं ड्रग कोर्ट, म्हणजे व्यसनी आरोपीला तुरुंगाऐवजी देखरेखीखाली उपचार देणारं कोर्ट, निघालं, आणि नव्वदच्या दशकात जमातींनी तोच साचा घेऊन त्याला 'हीलिंग टू वेलनेस' कोर्ट असं स्वतःचं रूप दिलं. इथे जज, काउन्सेलर, प्रोबेशन ऑफिसर आणि बऱ्याच ठिकाणी एखादे वडीलधारे मिळून मुलाबद्दल बोलतात, लघवीची टेस्ट असतेच, घरच्यांनाही यावं लागतं, चुकलं तर परिणाम होतो पण लगेच कोठडी नाही. त्याला आजोबांबरोबर स्वेट लॉजला, म्हणजे शुद्धीसाठी वाफ घ्यायच्या विधीच्या झोपडीत, बसायला किंवा लाकडं फोडायला पाठवू शकतात. एकेकाळी कोर्ट ज्या गोष्टीसाठी वैद्याला आत टाकत होतं तीच गोष्ट आता कोर्ट लिहून देतंय.

काउन्सेलिंगही बदललं. ओक्लाहोमा युनिव्हर्सिटीत डोलोरेस सुबिया बिगफूट यांनी आघात झालेल्या मुलांसाठीची प्रचलित थेरपी नेटिव्ह कुटुंबांच्या पद्धतीत बसवली. ते गरजेचंही होतं, कारण २०१४ मध्ये अ‍ॅटर्नी जनरलच्या सल्लागार समितीने सांगितलं की नेटिव्ह मुलांमधलं पीटीएसडीचं, म्हणजे आघातानंतर जडणाऱ्या मानसिक आजाराचं, प्रमाण इराक-अफगाणिस्तानातून परतलेल्या सैनिकांइतकं आहे. नशा आणि डिप्रेशन बऱ्याचदा एकत्र असतात, आधी दारू सोड मग मनाचं बघू हे चालत नाही, दोन्ही बरोबर हाताळावं लागतं. आणि प्रत्येक मुलाला विधीच हवेत असंही नाही, कोणी चर्चला जातं, कोणी शहरात वाढलंय आणि त्याला जमातीचं फारसं माहीत नाही, बहुतेक नेटिव्ह लोक आज रिझर्वेशनबाहेरच राहतात. म्हणून चांगला काउन्सेलर आधी विचारतो, तुझं कोण आहे, कोणाकडे जावंसं वाटतं.

कॅलिफोर्नियात अधिकारांचं भांडण बाजूला ठेवून काही ठिकाणी जमातीचा जज आणि काउंटीचा, म्हणजे राज्यातल्या जिल्ह्याचा, जज एकत्र बसतात, शिंगल स्प्रिंग्ज बँड ही जमात आणि एल डोराडो काउंटीचं कोर्ट मुलं आणि कुटुंबांसाठी असंच चालतं. युरोक जमातीच्या जज अ‍ॅबी अ‍ॅबिनांती, १९७४ मध्ये कॅलिफोर्निया बारमध्ये आलेल्या पहिल्या नेटिव्ह स्त्री, उंच खुर्चीऐवजी लोकांबरोबर टेबलाशी बसतात.

पैशाचं मात्र अजून अवघडच आहे. बरीचशी कोर्टं फेडरल ग्रँटवर चालतात, ग्रँट संपली की काउन्सेलर जातो आणि मुलाला सगळं पहिल्यापासून नव्या माणसाला सांगावं लागतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये अ‍ॅरिझोना, कॅलिफोर्निया, न्यू मेक्सिको आणि ओरेगन या चार राज्यांत मेडिकेडला, म्हणजे गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याला, पारंपरिक उपचारांचे पैसे द्यायची परवानगी मिळाली, ही खरंच मोठी गोष्ट आहे, पण मेडिकेड कोठडीतल्या माणसाचा खर्च सहसा देत नाही. जानेवारी २०२५ पासून मुलांसाठी थोडी फट उघडलीय, शिक्षा झालेल्या मुलाची सुटकेआधीच्या ३० दिवसांत तपासणी आणि पुढच्या उपचारांची जुळवाजुळव यांचा खर्च त्यातून करता येतो. त्याआधीचे कोठडीतले महिने तसेच राहतात, आणि तेव्हाच त्याला सगळ्यात जास्त गरज असते.