सिस्टरचा निळा, मदतनीसाचा हिरवा : रुग्णालयातल्या गणवेशांच्या रंगांची पार्श्वभूमी

रुग्णालयात खाटेवर पडलेल्या माणसाजवळ दिवसभर कोण ना कोण येत असतं. रक्त घेणारा, बीपी बघणारी, चादर बदलणारी, पाय हलवून व्यायाम करून घेणारा. प्रत्येकाच्या अंगावर वेगळा रंग असतो आणि कुठल्या रंगाचा अर्थ काय, ते वॉर्डाच्या दारापाशी लावलेल्या तक्त्यात लिहिलेलं असतं. तक्ता दारापाशी आणि ज्याच्यासाठी तो लावला तो मात्र आत, छताकडे बघत पडलेला. रंगांच्या या पद्धतीवर आज जी चर्चा होते, तिची निम्मी कहाणी या अंतरात आहे.

फार मागे जाण्यात अर्थ नाही, कारण फार मागे रंगच नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत डॉक्टर काळ्या कोटात असे, शस्त्रक्रियेच्या वेळीसुद्धा. रक्ताने कडक झालेला जुना कोट हे अनुभवाचं लक्षण मानलं जाई. जंतूंचा सिद्धांत पटला तसा हा काळा रंग हटला. फिलाडेल्फियातल्या एकाच चित्रकाराने शस्त्रक्रियेची दोन मोठी चित्रं काढली आहेत, एक १८७५ चं आणि दुसरं १८८९ चं. पहिल्यात सगळे शल्यविशारद काळ्या कोटात आहेत, दुसऱ्यात पांढऱ्या कपड्यांत, आणि बाजूला पांढऱ्या टोपीतली नर्स उभी आहे. चौदा वर्षांत काय बदललं ते या दोन चित्रांत दिसतं. प्रयोगशाळेतला कोट डॉक्टरांनी अंगावर घेतला तोही याच सुमारास. पांढऱ्यावर डाग दिसतो, पांढरं उकळता येतं, ब्लीच करता येतं. एवढा व्यवहार त्या निवडीमागे होता. पावित्र्य वगैरे अर्थ मागाहून चिकटले.

हिरवा आला तो डोळ्यांच्या त्रासातून. शस्त्रक्रियेच्या खोलीत विजेचे प्रखर दिवे लागले, आणि पांढऱ्या भिंती, पांढऱ्या चादरी, पांढरे अंगरखे यांची तिरीप असह्य होऊ लागली. १९१४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या एका शल्यविशारदाने आपली शस्त्रक्रियेची खोली पालकाच्या पानासारख्या हिरव्या रंगात रंगवून घेतली आणि त्यामागचं कारणही लिहून ठेवलं. रक्ताचा लाल आणि हा हिरवा एकमेकांचे पूरक रंग आहेत. लाल कागदाकडे अर्धा मिनिट एकटक पाहा आणि मग पांढऱ्या भिंतीकडे नजर वळवा, भिंतीवर हिरवट भूत तरंगताना दिसेल. जखमेतून मान वर करणाऱ्या माणसाला पांढऱ्या अंगरख्यांवर हीच भुतं दिसत. पार्श्वभूमीच हिरवी किंवा निळसर असली की ती विरून जातात. ऑपरेशन थिएटरमधला हिरवा आजही टिकून आहे तो यामुळे. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की हा रंग कामासाठी होता. माणूस कोण, हे तो सांगत नव्हता. थिएटरमध्ये वरिष्ठ शल्यविशारद आणि साहित्य देणारी नर्स एकाच हिरव्यात उभे असत.

माणूस कोण हे सांगणारा रंग नर्सिंगमधून आला आणि तिथे सगळा गुंता ‘सिस्टर’ या शब्दापाशी आहे. मराठीत आपण कुठल्याही नर्सला सिस्टर म्हणतो. ज्या ब्रिटिश व्यवस्थेतून हा शब्द आला तिथे मात्र सिस्टर म्हणजे वॉर्डाची प्रमुख. मूळ अर्थ ख्रिस्ती जोगिणीचा. युरोपात रुग्णसेवा मठांतल्या स्त्रियांकडे होती. सोळाव्या शतकात इंग्लंडमध्ये मठ मोडले, तरी लंडनच्या जुन्या रुग्णालयांत ‘सिस्टर’ हा शब्द वॉर्डप्रमुखासाठी राहून गेला. जोगिणींच्या डोक्यावरची ओढणी आखडत आखडत नर्सची टोपी झाली. १८५४ मध्ये क्रिमियाच्या युद्धात इस्तंबूलजवळच्या स्कुटारीला गेलेल्या ब्रिटिश नर्सेसना करडे कपडे आणि लाल दोऱ्याने रुग्णालयाचं नाव भरलेली खांद्यावरची पट्टी दिली होती. पण त्यातून ती कुठल्या रुग्णालयाची एवढंच कळे, तिचा हुद्दा कळत नसे. हुद्दा पुढे कपड्यांवर चढत गेला. शिकाऊ नर्सच्या टोपीवर वर्षागणिक पट्ट्या, मग कमरेच्या पट्ट्याचा रंग, पात्रता मिळाली की चांदीचं बक्कल, आणि सिस्टर झाली की गडद निळा पोशाख. वॉर्डात गडद निळं काही हललं की शिकाऊ मुली ताठ उभ्या राहत. हा रंग मुळात त्यांच्यासाठी होता. रुग्णाला त्यातून काही कळावं असा त्यामागे विचार नव्हता, आणि पुढे सगळा युक्तिवाद रुग्णाच्या नावाने झाला म्हणून हे इथे नमूद करणं भाग आहे.

१९६६ मध्ये ब्रिटनमधल्या एका समितीने नर्सिंगची उतरंड नव्याने आखली आणि मेट्रन, म्हणजे सगळ्या नर्सेसची प्रमुख, हे पद गेलं. त्याच्या जागी आकडे लावलेल्या श्रेणी आल्या. पुरुष नर्सेसची संख्या वाढली तशी ‘सिस्टर’ची अडचण झाली, कारण सिस्टरच्या जागी पुरुष आला तर त्याला काय म्हणायचं? ‘चार्ज नर्स’ म्हणून वेळ निभावली गेली. टोप्या सत्तर-ऐंशीच्या दशकांत हळूहळू गेल्या, बक्कलं कमी झाली. वॉर्डप्रमुख कोण हे सांगायला कपड्याचा रंग तेवढा उरला. २००१ मध्ये मेट्रन परत आणली गेली, आणि जबाबदार माणूस लोकांना ओळखू यावा हे त्याचं एक कारण दिलं गेलं. म्हणजे पस्तीस वर्षांपूर्वी जे पुसलं होतं ते पुन्हा रंगवायची वेळ आली.

तोवर खालच्या बाजूला मोठा बदल झाला होता. नर्सिंगचं शिक्षण १९८९ पासून टप्प्याटप्प्याने विद्यापीठांकडे गेलं. आधी शिकाऊ मुलीच वॉर्डाचा निम्मा भार ओढत. त्या वर्गात जाऊन बसल्यावर अंघोळ घालणं, भरवणं, कूस बदलणं ही कामं करायला आरोग्य मदतनीस नेमले गेले, आणि त्यांची संख्या वाढत गेली. रुग्णाला सगळ्यात जास्त वेळ दिसतो तो हा मदतनीस. साहजिकच रुग्ण त्यालाच नर्स समजतो. त्यात कायद्याची गंमत अशी की ब्रिटनमध्ये ‘नोंदणीकृत नर्स’ या शब्दांना संरक्षण होतं, नुसत्या ‘नर्स’ला बराच काळ नव्हतं. शब्द कुणीही वापरावा अशी स्थिती असल्यावर फरक दाखवण्याचं ओझं कापडावर पडलं.

मग मदतनीसाला कुठला रंग द्यायचा? २०१० च्या सुमारास वेल्स आणि स्कॉटलंड या इंग्लंडच्या दोन्ही शेजाऱ्यांनी देशभर एकच गणवेश आणला आणि या प्रश्नाची दोन उलट उत्तरं दिली. वेल्सने नर्सेसना निळ्याच्या छटा दिल्या, सिस्टरला गडद निळा ठेवला आणि मदतनीसाला हिरवा दिला. स्कॉटलंडने रुग्णाला हात लावणाऱ्या सगळ्यांना निळ्यातच ठेवलं. प्रमुखाला गडद, नोंदणीकृतांना मधला, मदतनीसाला फिकट आकाशी, आणि हिरवा दिला तो सफाई-हमालीसारख्या कामांना. वेल्सची मांडणी अशी की नर्स आणि नर्स नसलेला यांत रेघ स्पष्ट हवी. स्कॉटलंडचं म्हणणं पडतं की रुग्णसेवेतले सगळे एका कुटुंबातले. दोन्ही मांडण्यांना अर्थ आहे. पण वेल्समधल्या कार्डिफमध्ये ज्या रंगातला माणूस तुम्हाला भरवतो, त्याच रंगातला माणूस स्कॉटलंडमधल्या ग्लासगोत ट्रॉली ढकलतो, ही गोष्ट योजना आखणाऱ्यांपैकी कुणालाच फारशी टोचलेली दिसत नाही.

प्रस्तुत लेखकाला यात वेल्सची बाजू अधिक पटते, आणि त्याचं कारण तत्त्वाचं नाही, डोळ्याचं आहे. रुग्णालयात वयस्कर माणसं जास्त. वयानुसार डोळ्यातलं भिंग पिवळं पडत जातं, मोतीबिंदू असेल तर आणखीच, आणि पिवळं भिंग सगळ्यात आधी निळा प्रकाश अडवतं. अशा डोळ्याला गडद निळा काळा वाटतो आणि निळ्याच्या दोन जवळच्या छटा सारख्याच दिसतात. रात्रपाळीच्या मंद दिव्यात तर तरुण डोळ्यांचीही तीच गत. त्यात धुलाई आहे. कपडा किमान ६० अंशांवर धुवावा अशी सूचना असते, आणि अशा धुण्यात गडद निळा उतरत उतरत मधल्या निळ्याशेजारी जाऊन बसतो. म्हणजे जुना गणवेश घातला की बढती उलटी फिरते! उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत सुमारे ८ टक्के लोकांना लाल-हिरव्याचा घोळ असतो, त्यामुळे हिरवाही निर्दोष नाही. तरी एका रंगाच्या चार छटांपेक्षा दोन वेगळे रंग बरे.

रंगाचा अर्थ ठिकाणागणिक बदलला तर काय होतं, याचा धडा गणवेशाबाहेर मिळाला होता. अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनियात २००५ मध्ये नोंदवलेली घटना आहे. एका नर्सने रुग्णाच्या मनगटावर पिवळा पट्टा बांधला. ती जवळच्या दुसऱ्या रुग्णालयातही काम करायची, आणि तिथे पिवळा म्हणजे ‘या हाताला सुई टोचू नका’. इथे पिवळा म्हणजे ‘हृदय थांबलं तर पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न करू नका’. त्या रुग्णाचं हृदय खरोखर थांबलं आणि मंडळी हात आखडून उभी राहिली. दुसऱ्या एका नर्सला चूक ओळखू आली म्हणून तो वाचला. पुढे अमेरिकेत अनेक राज्यांनी पट्ट्यांचे रंग एकसारखे केले. गणवेशांचे केले नाहीत. तिथे आजही रुग्णालयागणिक रंग वेगळे आहेत.

या सगळ्यात डॉक्टर कुठे आहेत? बहुतेक वेळा योजनेबाहेर. अमेरिकेत त्यांची श्रेणी रंगाने नव्हे, कोटाच्या लांबीने कळत असे. विद्यार्थ्याचा आखूड, डॉक्टरचा गुडघ्यापर्यंत. १९९३ मध्ये न्यूयॉर्कमधून विद्यार्थ्यांना पांढरा कोट चढवण्याचा समारंभ सुरू झाला आणि जगभर पसरला. नेमक्या उलट दिशेने इंग्लंड गेलं. २००७ मध्ये ठरलं आणि २००८ पासून लागू झालं की रुग्णाजवळ जाताना कोपराखाली काही नको. लांब बाह्या गेल्या, मनगटी घड्याळ गेलं, पांढरा कोटही गेला. तेव्हापासून तिथल्या वॉर्डात साध्या शर्टाच्या बाह्या दुमडून फिरणारा माणूस म्हणजे डॉक्टर, अशी उलटी खूण झाली. बाकी सगळ्यांना रंग नेमून दिले जात असताना ज्याला काहीच नेमलेलं नाही तो वरचा. हे कुणी मुद्दाम ठरवलं नसेल, पण कुणी बदललंही नाही.

रंग पुरत नाही हे २०१३ मध्ये एका ब्रिटिश डॉक्टरबाईंनी खाटेवरून सांगितलं. त्या स्वतः कर्करोगाच्या रुग्ण होत्या. आपल्याला तपासणारी माणसं आपलं नावच सांगत नाहीत, हे त्यांच्या लक्षात आलं. ‘नमस्कार, माझं नाव अमुक’ एवढीच त्यांची मोहीम, आणि तिच्यातून पिवळ्या रंगावर मोठ्या अक्षरांतले नावाचे बिल्ले अनेक रुग्णालयांत आले. २०१७ मध्ये सिडनीतल्या एका भूलतज्ज्ञाने थिएटरमधल्या टोपीवर नाव आणि काम लिहायला सुरुवात केली. ज्या हिरव्याने सगळ्यांना सारखं केलं होतं, त्याच्यावर अशी अक्षरं उमटली.

२०२० मध्ये साथ आली आणि रंगांचे तक्ते काही महिने निरुपयोगी झाले. सगळे सारख्याच प्लॅस्टिकच्या अंगरख्यात. छातीवर मार्करने नाव आणि काम लिहिलेलं, कुठे हसऱ्या चेहऱ्याचा फोटो चिकटवलेला. फोटोची ही युक्ती लायबेरियात इबोलाच्या साथीत आधी वापरून झाली होती. स्क्रब्स, म्हणजे रुग्णालयात घालायचे सैल सदरा-पायजम्यासारखे कपडे, कमी पडले तेव्हा ब्रिटनमध्ये स्वयंसेवकांनी घरातल्या पलंगपोसांचे आणि उशांच्या अभ्र्यांचे कपडे शिवून दिले. फुलाफुलांच्या स्क्रब्समधला माणूस कुठल्या श्रेणीचा, हे कोण सांगणार?

त्यानंतरच इंग्लंडने एका राष्ट्रीय गणवेशाचा विषय गंभीरपणे हाती घेतला. २०२१ च्या सल्लामसलतीत ५०,००० हून अधिक लोकांनी मतं कळवली. योजना ऐच्छिक ठेवली गेली, त्यामुळे जुने आणि नवे निळे काही काळ शेजारी शेजारी दिसणार. साथीत डॉक्टरांनी शर्ट सोडून स्क्रब्स घातले ते अनेकांनी नंतरही काढले नाहीत. त्यांचा रंग कोणता, हे वॉर्डाच्या दारापाशी लावलेल्या तक्त्यांत सहसा लिहिलेलं नसतं.