ब्रेक ऑइल संपत नसतं, ते कुठेतरी गेलेलं असतं

दोन महिन्यांपूर्वी एक मित्र म्हणाला की गाडी आता जुनी झालीये, ब्रेक ऑइलपण खायला लागलीये, अधूनमधून थोडं टाकावं लागतं पण ब्रेक एकदम मस्त लागतात. गळती बघितलीस का विचारलं तर म्हणे गाडीखाली एक थेंबही नसतो, म्हणजे गळती नाहीच. ऐकून मला खरंच धडकी भरली, कारण एवढ्याशा बोलण्यात तीन गैरसमज होते आणि हे तिन्ही मी इतक्या लोकांकडून ऐकलेत की शेवटी सविस्तर लिहायचं ठरवलं.

पहिला गैरसमज म्हणजे 'खाते'. इंजिन ऑइल थोडंफार जळू शकतं, ते पिस्टनच्या रिंगांवरून वर चढतं आणि इंधनासोबत जळतं. ब्रेकमध्ये असं काही जळत नाही. ती बंद यंत्रणा आहे, जेवढं फ्लुइड, म्हणजे आपलं ब्रेक ऑइल, भरलं तेवढंच आत राहायला हवं. ब्रेकच्या छोट्या टाकीतली पातळी खाली येण्याची कारणं दोनच, एकतर ब्रेक पॅड (चाकाच्या चकतीवर दाबले जाणारे तुकडे) झिजलेत किंवा फ्लुइड बाहेर जातंय. पॅड झिजल्यावर पातळी का उतरते ते सोपं आहे, पॅड पातळ झाला की कॅलिपरमधला, म्हणजे पॅड धरणाऱ्या चिमट्यामधला, पिस्टन तेवढा पुढे सरकून राहतो आणि त्याच्या मागची जागा फ्लुइडने भरते. पिस्टन ५ सेंटिमीटर व्यासाचा असेल आणि तो १० मिलिमीटर पुढे आला असेल तर एका चाकात जवळपास २० मिलिलिटर फ्लुइड जास्तीचं गेलं, पुढच्या दोन चाकांचं मिळून ४०. हे व्हायला वर्षं लागतात. आणि अशा वेळी वरून भरत राहिलात तर नवीन पॅड बसवताना पिस्टन मागे ढकलला की टाकी ओसंडते आणि हे फ्लुइड गाडीचा रंग अक्षरशः सोलून काढतं. पॅड जाड आहेत आणि तरी दर काही आठवड्यांनी पातळी उतरतेय तर गळती आहे, तिथे तिसरी शक्यता नाही.

आता पास्कलचा नियम आठवा, शाळेत सगळ्यांनी पाठ केलेला असतो, कोंडलेल्या द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोचतो. पायाने पेडलवर २० किलोचा जोर दिला, पेडलच्या तरफेने तो पाचपट होऊन १०० किलो झाला आणि तो मास्टर सिलेंडरच्या, म्हणजे पेडलला जोडलेल्या मुख्य पंपाच्या, २० मिलिमीटर व्यासाच्या पिस्टनवर पडला, म्हणजे साधारण ३ चौरस सेंटिमीटरवर. दाब झाला दर चौरस सेंटिमीटरला ३२ किलो, टायरमधल्या हवेच्या साधारण पंधरापट. हाच दाब कॅलिपरच्या ५ सेंटिमीटरच्या पिस्टनवर पडला की जोर होतो सव्वासहाशे किलोच्या आसपास. २० किलोचे सव्वासहाशे, आणि तेही एकेका चाकावर! १९२१ साली ड्युसेनबर्ग कंपनीने चारही चाकांना असे हायड्रॉलिक ब्रेक असलेली गाडी आणली, आज शंभर वर्षांनंतरही मूळ कल्पना तीच आहे.

पण मला यात सगळ्यात जास्त काय आवडत असेल तर तो पास्कल नाही, तो आहे रबराचा एक छोटा कप. एवढा दाब धरून ठेवायचा आणि शिवाय पिस्टन पुढेमागे सरकूही द्यायचा, हे दोन्ही एकदम कसं करणार? झाकण घट्ट केलं तर पिस्टन अडकेल, सैल केलं तर फ्लुइड निसटेल. सायकलचा हातपंप ज्यांनी उघडून बघितलाय त्यांना त्यातला वाटीसारखा वॉशर आठवत असेल, मास्टर सिलेंडरमध्ये आणि ड्रम ब्रेकच्या व्हील सिलेंडरमध्येही (चाकातल्या ड्रमच्या आतला छोटा सिलेंडर) तसाच रबरी कप असतो, वाटीचं तोंड फ्लुइडच्या बाजूला. वाटीची कड सिलेंडरच्या भोकापेक्षा किंचित मोठी असते, त्यामुळे काहीच दाब नसताना ती स्वतःच्या लवचिकपणाने भिंतीला हलकेच टेकून राहते. पेडल दाबलं की फ्लुइड वाटीत शिरतं आणि कडेला आतून बाहेर, भिंतीकडे ढकलतं. दाब दुप्पट झाला की ढकलणंही दुप्पट. म्हणजे जो दाब निसटायला बघतोय तोच दाब दरवाजा आणखी घट्ट लावतोय! आणि पाय काढला की कड पुन्हा सैल, पिस्टन सहज मागे. कुठला सेन्सर नाही, कुठलं नियंत्रण नाही, फक्त आकार. मी हा कप पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा बराच वेळ नुसता बोटाने त्याची कड वाकवून बघत बसलो होतो.

आता मित्राच्या 'ब्रेक मस्त लागतात' या वाक्याकडे परत येऊ. वर्षानुवर्षं उष्णता सोसून रबर कडक होतं, एकाच आकारात दबून राहिल्यामुळे त्याचा स्वतःचा ताण जातो, कड घासून झिजते. जोरात ब्रेक मारला तर दाब त्या कडेला अजूनही भिंतीवर दाबून धरतो, म्हणून ब्रेक छान लागतो. पण हलका ब्रेक असताना, म्हणजे सिग्नलला नुसता पाय टेकवून उभे असताना, कडेला ढकलायला पुरेसा दाबच नसतो आणि तिचा स्वतःचा ताण तर संपलेला, त्यामुळे फ्लुइड हळूच निसटतं. विचित्र वाटतं, पण म्हातारा कप कमी दाबाला गळतो आणि जास्त दाबाला धरतो. म्हणूनच तपासताना पेडलवर नाचून उपयोग नाही. इंजिन चालू ठेवून, गाडी सपाट जागी उभी करून, पेडल हलकं दाबून एक मिनिटभर तसंच धरा. पाय सावकाश खाली जायला लागला तर कुठेतरी गळतंय. आणि पेडल खाली जातंय पण टाकीतली पातळी मात्र कधीच कमी होत नाही असं असेल तर बहुतेक वेळा मास्टर सिलेंडरच्या आतच फ्लुइड कपाच्या पुढून मागे निसटून परत टाकीत जातंय. ही गळती बाहेरून कधीच दिसत नाही.

यात रबर एकटं दोषी नसतं, भिंतही असते. ब्रेक फ्लुइड हवेतलं पाणी शोषून घेतं आणि ते पाणी सिलेंडरच्या धातूला हळूहळू गंजवतं. कप जिथे रोज फिरतो तेवढी पट्टी घासून गुळगुळीत राहते, पण पिस्टन सहसा जातच नाही त्या पुढच्या भागात गंज आणि बारीक खड्डे साठतात. मग एखादे दिवशी कुणीतरी ब्रेकमध्ये शिरलेली हवा काढताना पेडल पार तळापर्यंत पंप करतं आणि पंधरा वर्षं फक्त गुळगुळीत पट्टीवर फिरलेला कप पहिल्यांदाच त्या खरखरीत भागावर जातो, कड फाटते, आणि कालपर्यंत ठीक असलेला मास्टर सिलेंडर दुसऱ्या दिवशी गेलेला असतो. लोक म्हणतात दुरुस्ती केली आणि उलट बिघडलं, नशीबच खराब, पण यात नशिबाचा काही संबंध नाही. जुन्या गाडीत हवा काढताना पेडलखाली लाकडी ठोकळा ठेवा म्हणजे ते पूर्ण खाली जाणारच नाही.

थेंब दिसत नाही म्हणून गळती नाही, हाही गैरसमजच. मागच्या ड्रमच्या आत व्हील सिलेंडर गळत असेल तर फ्लुइड आधी रबरी टोपीत साठतं, मग ब्रेक शूच्या, म्हणजे ड्रमला आतून घासणाऱ्या कमानींच्या, लायनिंगमध्ये मुरतं, जमिनीवर पडायला खूप उशीर लागतो. मास्टर सिलेंडरच्या मागच्या टोकाला गळत असेल तर ते थेट व्हॅक्यूम बूस्टरच्या, म्हणजे पायाचा जोर वाढवणाऱ्या, डब्यात जातं आणि तिथून इंजिनात ओढलं जाऊन धूर होऊनही निघू शकतं. याशिवाय गळतीच्या जागा म्हणजे लोखंडी पाइप, विशेषतः क्लिपखाली चिखल साठतो तिथे गंजलेले, आणि चाकाजवळच्या रबरी नळ्या, वाकवल्यावर भेगा दिसणाऱ्या. सापडलेला ओलावा नक्की कशाचा आहे हे कळत नसेल तर थोडा पाण्यात टाका, इंजिन ऑइल वर तरंगतं, नेहमीचं ब्रेक फ्लुइड पाण्यात मिसळून जातं.

आणि इथेच त्या 'ऑइल' नावाचा घोळ आहे. आपण सगळे ब्रेक ऑइल म्हणतो, मीपण म्हणतो, पण डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ (बाटलीवर लिहिलेले ब्रेक फ्लुइडचे प्रकार) ही तेलं नाहीतच, ती ग्लायकॉल जातीची रसायनं आहेत. आतले कप बहुतेक करून ईपीडीएम नावाच्या रबराचे असतात. या रबराचे रेणू कार्बन-हायड्रोजनच्या लांब साखळ्या, खनिज तेलाचेही तसेच, दोघं एकाच कुळातले, म्हणून तेल रबराच्या जाळीत घुसतं आणि रबर फुगतं. ग्लायकॉलच्या रेणूंवर विद्युतभाराची असमान वाटणी असते, त्यांना त्या जाळीत शिरावंसं वाटत नाही. म्हणजे नाव ऑइल म्हणून कुणी इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टिअरिंगचं तेल टाकलं तर सगळे कप फुगतात. फुगलेला कप मास्टर सिलेंडरमधलं एक बारीक भोक झाकून टाकतो, ज्यातून पाय काढल्यावर फ्लुइड टाकीत परत जातं. मग ब्रेक सुटतच नाहीत, चाकं तापतात, फ्लुइड तापून आणखी प्रसरण पावतं, ब्रेक आणखी आवळतात. एकदा तेल गेलं की यंत्रणेतलं प्रत्येक रबर बदलण्याशिवाय इलाज नाही. गळती थांबवणाऱ्या औषधाच्या ज्या बाटल्या मिळतात त्याही रबर मऊ करून फुगवायचंच काम करतात. झिजलेली कड त्याने परत येत नाही आणि खड्डे पडलेली भिंत तर नाहीच नाही. ब्रेकमध्ये असलं काहीही टाकू नका, मी हे अगदी कळकळीने सांगतोय.

दुरुस्ती म्हणजे काय तर गळणारा भाग बदलणं, बुजवणं नाही. व्हील सिलेंडरची भिंत स्वच्छ असेल तर नुसतं रबर किट चालतं, खड्डे असतील तर पूर्ण सिलेंडर नवा, आणि एका बाजूचा गेला की दुसऱ्या बाजूचाही बदललेला बरा, वय तेच असतं. फ्लुइड प्यायलेले ब्रेक शू धुऊन परत लावायचे नाहीत. नवीन कप बसवताना ग्रीस लावू नका, ताजं ब्रेक फ्लुइडच लावा. पाइपच्या जोडावर टेफ्लॉन टेप गुंडाळतात ते चूक आहे, तिथे आटे फक्त आवळायचं काम करतात, सील होतं ते पाइपच्या फुलवलेल्या टोकावर, धातू धातूवर दाबून. गंजलेले नट साध्या पान्याने गोल होतात, त्यासाठी नटाला जवळपास सगळीकडून धरणारा फ्लेअर नटचा पाना वापरा. गाडी जॅकवर ठेवून खाली जाऊ नका, स्टँड लावा, उरलेल्या चाकांना अडण लावा. यातलं आधी काही केलेलं नसेल तर जाणत्या माणसाला सोबत घ्या.

शेवटी हवा काढणं, आणि ती का काढायची त्याचं गणित बघा. ३२ किलोच्या दाबाखाली फ्लुइडचं आकारमान हजारात एकदोन भागच कमी होतं. हवेचं मात्र तेहेतिसाव्या हिश्शाइतकं उरतं. आत १ मिलिलिटर हवा राहिली तर ती दाबण्यातच मास्टर सिलेंडरचा पिस्टन ३ मिलिमीटर जातो आणि पेडल त्याच्या पाचपट म्हणजे १५ मिलिमीटर, ब्रेक लागण्याआधीच. स्पंजसारखं पेडल म्हणतात ते हे. हवा वर चढते म्हणून निपल, म्हणजे हवा बाहेर सोडायचा पोकळ स्क्रू, नेहमी सिलेंडरच्या वरच्या टोकाला असतो. त्याला पारदर्शक नळी लावून तिचं टोक बाटलीतल्या फ्लुइडमध्ये बुडवायचं, एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने निपल उघडून बंद करायचा आणि मगच पाय सोडायचा, बुडबुडे थांबेपर्यंत, मध्येमध्ये टाकी भरत. बाटलीत आलेलं फ्लुइड परत वापरायचं नाही. ताजं डॉट ४ कमीत कमी २३० अंशांपर्यंत उकळत नाही, साधारण पावणेचार टक्के पाणी शोषल्यावर ही हमी १५५ वर येते.

मित्राच्या गाडीत उजव्या मागच्या चाकाच्या सिलेंडरची रबरी टोपी बोटाने जरा उचलली तर आतून फ्लुइड ओघळलं, शू काळे पडून चिकट झालेले. दोन्ही मागचे सिलेंडर, चारही शू आणि सगळं फ्लुइड बदललं, त्यात एक रविवार गेला. जोडांभोवती कोरडा टिश्यू गुंडाळून पाच मिनिटं पेडल दाबून बसलो, टिश्यू कोरडा राहिला. टाकीवर मार्करने पातळीची रेघ मारून ठेवलीये, तो दर आठवड्याला फोटो पाठवतो, सहा आठवडे झाले आणि फ्लुइड रेघेलाच आहे.