तापमान मर्यादा सूचना

संगणकाच्या किंवा मोबाइल संचाच्या एखाद्या भागाचे तापमान ठरावीक मर्यादेच्या वर गेले अथवा तिच्याखाली उतरले, की ऑपरेटिंग सिस्टीमने ती गोष्ट चालू असलेल्या प्रोग्रामांना कळवण्याची योजना. प्रोग्रामने तापमान पुन्हा पुन्हा वाचत बसू नये. आपल्याला कोणत्या मर्यादेशी कर्तव्य आहे ते आधी नोंदवावे आणि ती ओलांडली जाईपर्यंत निद्रिस्त राहावे, ही यामागची मूळ कल्पना होय. सतत वाचन करणारा प्रोग्राम प्रोसेसरला विनाकारण जागे ठेवतो व थोडी उष्णता स्वतःच निर्माण करतो. सूचना मिळाल्यावर खेळांचे प्रोग्राम चित्रांचा वेग कमी करतात, इतर प्रोग्राम बॅकअपसारखी कामे पुढे ढकलतात. यंत्र जळू नये ही जबाबदारी मात्र या सूचनेवर टाकली जात नाही. ती हार्डवेअर आणि कर्नल (ऑपरेटिंग सिस्टीमचा मूळ भाग) यांच्याकडेच राहते. इंटेल प्रोसेसरातील थर्मट्रिप हा संकेत कोणत्याही प्रोग्रामला न विचारता वीजपुरवठा तोडण्यासाठी असतो.

उगम. या कल्पनेचा आरंभ कोठे मानावा हे सूचना घेणारा कोण, यावर अवलंबून आहे. सूचना म्हणजे केवळ विद्युत् संकेत असे धरल्यास १९९०–२००० या दशकातील तापमान-संवेदक चिपांपर्यंत मागे जावे लागते. नॅशनल सेमिकंडक्टर कंपनीची एलएम७५ ही त्यांपैकी सर्वांत परिचित चिप. तिच्यात दोन मर्यादा नोंदवता येतात व चिप सुरू होताच त्या ८०° से. आणि ७५° से. अशा असतात. तिच्या निर्गम-टोकाच्या वर्तनाचे दोन प्रकार आहेत. तुलनाप्रकारात तापमान वरच्या मर्यादेपलीकडे गेले की टोक सक्रिय होते आणि खालच्या मर्यादेखाली उतरेपर्यंत सक्रियच राहते. इंटरप्ट-प्रकारात (इंटरप्ट म्हणजे चालू काम थांबवून प्रोसेसरचे लक्ष वेधणारा संकेत) ते सक्रिय झाल्यावर कोणीतरी चिपमधील नोंद वाचेपर्यंत तसेच राहते, वाचताच मिटते, आणि त्यानंतर तापमान खालच्या मर्यादेखाली गेल्यावरच पुन्हा उठते. याशिवाय सलग १, २, ४ किंवा ६ मापनांत मर्यादा ओलांडली गेली तरच संकेत द्यावा, अशी सोयही आहे. एखाद्या चुकीच्या मापनावरून हाकाटी होऊ नये हा तिचा हेतू. अवस्था कळवावी की घटना, जुनी घटना किती काळ जपून ठेवावी आणि खोट्या सूचना कशा गाळाव्यात, हे पुढे ऑपरेटिंग सिस्टीमच्या पातळीवर चर्चिले गेलेले तिन्ही प्रश्न या लहानशा चिपमध्ये सोडवलेले दिसतात. म्हणून आरंभाचा मान तिला देण्याचा मोह होतो.

सूचना घेणारी ऑपरेटिंग सिस्टीम असली पाहिजे अशी अट घातल्यास डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी प्रसिद्ध केलेल्या एसीपीआय या हार्डवेअर व ऑपरेटिंग सिस्टीम यांच्यातील संवादाच्या मानकाकडे वळावे लागते. त्यात यंत्राचे उष्णता-विभाग कल्पिले असून प्रत्येक विभागाला पंखा चालू करण्याच्या, प्रोसेसरचा वेग कमी करण्याच्या आणि यंत्र बंद करण्याच्या मर्यादा देता येतात. तापमान बदलल्याचे फर्मवेअर, म्हणजे हार्डवेअरमध्येच साठवलेला मूलभूत प्रोग्राम, ८० या षोडशमान क्रमांकाच्या सूचनेने कळवते. मर्यादाच बदलल्या असतील तर ८१ क्रमांकाची सूचना येते. ही दुसरी सूचना वरवर अनावश्यक वाटते, पण चढ आणि उतार यांसाठी वेगवेगळ्या मर्यादा ठेवण्याची युक्ती या मानकात तिच्याच आधाराने साधली जाते : तापमान मर्यादेपलीकडे गेले की फर्मवेअर ती मर्यादा थोडी खाली सरकवते आणि तसे ऑपरेटिंग सिस्टीमला कळवते.

एसीपीआयमध्ये तापमान केल्विनच्या दशांशांत दिले जाते, म्हणजे ३३३२ हा आकडा ३३३·२ केल्विन दर्शवतो. सेल्सिअसचा शून्य अंश २७३·१५ केल्विनला येत असल्याने दशांशांत तो नेमका बसत नाही. परिणामी काही उत्पादकांच्या फर्मवेअरमध्ये २७३२, तर काहींच्या फर्मवेअरमध्ये २७३१ वजा करणे गृहीत धरलेले असते आणि ६०° से. ची मर्यादा एका यंत्रात ३३३२, दुसऱ्यात ३३३१ अशी लिहिली जाते. लिनक्सच्या एसीपीआय चालकाने (चालक म्हणजे हार्डवेअर हाताळणारा प्रोग्राम) यावर काढलेला तोडगा मासलेवाईक आहे. यंत्र बंद करण्याच्या मर्यादेला ५ ने भागून बाकी १ उरली तर उत्पादकाने २७३१ धरले असावे, अन्यथा २७३२, असा अंदाज हा चालक बांधतो; अशी मर्यादा पूर्ण किंवा अर्ध्या अंशातच ठरवली जाते या निरीक्षणावर तो उभा आहे. एक दशांश अंशाने प्रोसेसरचे काही बिघडत नाही, पण मर्यादेवर रेंगाळणाऱ्या तापमानाची सूचना द्यायची की नाही, हे तेवढ्यावरून ठरू शकते.

१९९८ मध्ये आलेल्या आयपीएमआय या सर्व्हर-व्यवस्थापन मानकात प्रत्येक संवेदकाला तीन वरच्या आणि तीन खालच्या अशा सहा मर्यादा देण्याची तरतूद आहे. त्यातील सूचना मुख्यतः यंत्रशाळेच्या व्यवस्थापकासाठी असतात.

वरील सर्व योजनांत सामान्य प्रोग्राम सूचनेचा धनी नाही. त्याच्यापर्यंत बातमी पोहोचली तरी ती आडवाटेने. त्यामुळे प्रस्तुत विषयाचा आरंभ १९९६ पर्यंत मागे नेण्यापेक्षा, प्रोग्रामला स्वतः नोंदणी करता येऊ लागली तेव्हापासून, म्हणजे ढोबळमानाने २०१० नंतरच्या दशकापासून धरणे अधिक युक्त वाटते. लिनक्सची सामायिक उष्णता-उपप्रणाली २००८ मध्ये कर्नलच्या २.६.२५ या आवृत्तीत आली. तिने तापमान सेल्सिअसच्या सहस्रांशांत फाइलरूपाने उघड केले. त्यानंतर काही वर्षांनी, २०१३ च्या सुमारास, इंटेल प्रोसेसरांसाठी जो चालक समाविष्ट झाला त्यात दोन मर्यादा प्रोग्रामला लिहिता येतात. शून्याव्यतिरिक्त कोणतीही किंमत लिहिली की सूचना सुरू होते आणि शून्य लिहिले की थांबते. अॅपलने मॅकओएस १०.१०.३ (२०१५) आणि आयओएस ११ (२०१७) यांत, तर गूगलने अँड्रॉइड १० (२०१९) मध्ये प्रोग्रामांना उष्णता-अवस्थेची सूचना देण्याची सोय केली. लिनक्स ५.९ (२०२०) पासून नेटलिंक या कर्नलकडून प्रोग्रामांकडे संदेश नेणाऱ्या मार्गाने उष्णताविषयक घटनांचे प्रक्षेपण होऊ लागले आणि २०२५ च्या आरंभी आलेल्या ६.१३ या आवृत्तीत वापरकर्ता-प्रोग्रामांच्या मर्यादांना कर्नलच्या स्वतःच्या मर्यादांपासून वेगळे स्थान मिळाले. हा शेवटचा टप्पा उशिरा आला असला तरी तात्त्विक दृष्ट्या महत्त्वाचा आहे, कारण तोपर्यंत प्रोग्रामने बदललेली मर्यादा आणि यंत्राच्या रक्षणासाठी ठेवलेली मर्यादा एकाच यादीत नांदत होत्या.

मर्यादांची जुळवणी. हार्डवेअरमध्ये बहुधा दोनच मर्यादा ठेवता येतात, तर नोंदणी करणारे प्रोग्राम कितीही असू शकतात. हा पेच खिडकीच्या पद्धतीने सुटतो. सर्व मर्यादा चढत्या क्रमाने लावून कर्नल सध्याच्या तापमानाच्या लगतची खालची आणि लगतची वरची अशा दोनच मर्यादा संवेदकाला देतो. उदा., मर्यादा ४५°, ६०° व ७५° से. असून तापमान ५२° असेल, तर संवेदकात ४५° आणि ६०° या मर्यादा बसवल्या जातात. तापमान ६१° झाले की इंटरप्ट येतो, ६०° वाल्या प्रोग्रामांना सूचना जाते आणि खिडकी ६०° ते ७५° अशी सरकते. धोका असतो तो या सरकवण्याच्या क्षणी : नवी खिडकी बसेपर्यंत तापमान ७५° च्याही पलीकडे गेले, तर पुढचा इंटरप्ट कदाचित येणारच नाही. म्हणून खिडकी बसवल्यानंतर तापमान पुन्हा एकदा वाचून पाहणे आवश्यक ठरते. विंडोज ८ पासूनच्या संवेदक-चालकांच्या संवादात हीच खिडकी उघडपणे दिसते. ऑपरेटिंग सिस्टीम तापमान विचारताना खालची मर्यादा, वरची मर्यादा आणि कालमर्यादा अशा तीन गोष्टी देते, आणि यांपैकी काही एक ओलांडले जाईपर्यंत चालक उत्तर राखून ठेवतो. मात्र ही सोय चालकांपुरती आहे.

चढ-उतारातील अंतर. एकच मर्यादा ठेवल्यास तिच्याभोवती घुटमळणारे तापमान सूचनांचा भडिमार करते. त्यामुळे वर जाताना ७०° आणि खाली येताना ६५°, असे अंतर ठेवण्याची प्रथा आहे. त्यास हिस्टेरिसिस म्हणतात. लिनक्समध्ये कर्नलच्या मर्यादांसोबत हे अंतर दिलेले असते. वापरकर्ता-प्रोग्रामांच्या मर्यादांना मात्र ते मुद्दाम दिलेले नाही. प्रत्येक मर्यादेची दिशा सांगता येते, आणि चढीची एक व उतरणीची एक अशा दोन मर्यादा नोंदवून प्रोग्रामने हवे ते अंतर स्वतःच राखावे, अशी अपेक्षा आहे. अंतर किती असावे हे मोजल्या जाणाऱ्या भागावर अवलंबून असते. प्रोसेसरच्या गाभ्याचे तापमान सेकंदाच्या अल्पांशात कित्येक अंशांनी बदलू शकते, तर संचाच्या पृष्ठभागाला तेवढ्याच बदलासाठी मिनिटे लागतात. तेव्हा ही निवड प्रोग्रामवर सोडण्यात तथ्य आहे, जरी निष्काळजी प्रोग्रामाला त्यातून त्रासही होऊ शकतो.

हुकलेली सूचना. नोंदणी आणि पहिले वाचन यांच्यामधल्या काळात अवस्था बदलली तर प्रोग्राम अंधारात राहतो. अँड्रॉइडमध्ये नोंदणी होताच सध्याची अवस्था एकदा कळवली जाते, त्यामुळे ही फट बुजते. अॅपलच्या प्रणालीत सूचनेसाठी नोंदणी करण्यापूर्वी अवस्था एकदा वाचणे बंधनकारक आहे. न वाचल्यास सूचना येत नाहीत. लिनक्सच्या नेटलिंक मार्गावर घेणाऱ्याचा साठा भरला की संदेश गळतात आणि तशी त्रुटी कळवली जाते. अशा वेळी गळलेले संदेश शोधत न बसता तापमान नव्याने वाचणे हाच मार्ग उरतो, आणि म्हणून सूचनेला माहिती न मानता ‘आता वाचा’ एवढाच इशारा मानावे, हे मत ग्राह्य वाटते.

अल्पकाळ येऊन गेलेली घटना उशिरा पाहणाऱ्यालाही कळावी यासाठी घटना घडून गेल्याची खूण जपून ठेवली जाते. इंटेल प्रोसेसरांत चालू अवस्थेच्या बिटाशेजारीच पुसेपर्यंत टिकणारा नोंद-बिट असतो. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकातही वेग सध्या कमी केलेला आहे का आणि संगणक सुरू केल्यापासून कधी केला होता का, हे वेगवेगळ्या बिटांवरून कळते. तेथे ८०° से. पासून प्रोसेसरचा वेग टप्प्याटप्प्याने उतरवला जातो.

अंश की अवस्था. प्रोग्रामला अंशांत मर्यादा ठरवू द्यावी की ‘सौम्य’, ‘गंभीर’ अशी अवस्थाच कळवावी, हा या विषयातील खरा मतभेद होय. लिनक्सने पहिला मार्ग धरला. अॅपलने सामान्य, मध्यम, गंभीर व निर्वाणीची अशा चार, तर अँड्रॉइडने ० ते ६ अशा सात अवस्था मानल्या आहेत. अँड्रॉइडमध्ये प्रोसेसर, ग्राफिक्स, बॅटरी व पृष्ठभाग यांची तापमाने वेगळी मोजली जात असली तरी प्रोग्रामला दिसणारी एकूण अवस्था पृष्ठभागाच्या तापमानावरून ठरते, म्हणजे हातात धरलेला संच किती पोळतो यावरून. अंशांचा दोष असा की ७०° हा आकडा एका संचात नित्याचा तर दुसऱ्यात धोक्याचा असू शकतो, आणि भोवतालच्या हवेचाही त्यात वाटा असतो. आयफोनसाठी अॅपलने वापराचे सभोवतालचे तापमान ०° ते ३५° से. सांगितले आहे, तर मे महिन्यात चंद्रपूर-नागपूरकडे पारा ४५° च्याही वर जातो. तेथे ठरीव अंशांवर बेतलेला प्रोग्राम दुपारभर सूचनाच झेलत बसेल. सर्वसाधारण प्रोग्रामांसाठी अवस्थेचा मार्गच श्रेयस्कर दिसतो. अंशांची गरज यंत्रव्यवस्थापनाच्या सेवा-प्रोग्रामांना असते आणि लिनक्सचा तो वर्ग मुख्य ग्राहक आहे.

अवस्था बदलल्यावर कळणे म्हणजे उशीर झालेला असणे, अशी टीका खेळांच्या निर्मात्यांकडून होऊ शकते. अँड्रॉइड ११ मध्ये यासाठी पुढील ६० सेकंदांपर्यंतचा अंदाज विचारता येतो. उत्तर दशांश अपूर्णांकात मिळते आणि १·० म्हणजे ‘गंभीर’ अवस्थेची सुरुवात. घाईघाईने वारंवार विचारल्यास आकडाच मिळत नाही.

गोपनीयता. तापमान हे निरुपद्रवी वाटले तरी त्यावरून शेजारच्या प्रोग्रामाच्या कामाचा माग लागू शकतो. प्रोसेसरच्या तापमानामुळे घड्याळाच्या गतीत पडणाऱ्या सूक्ष्म फरकावरून दूरच्या सर्व्हरची ओळख पटवता येते, हे २००६ मध्ये दाखवले गेले होते. २०१५ मध्ये एका गाभ्याने तापून दुसऱ्या गाभ्यापर्यंत गुप्तपणे माहिती पोहोचवण्याची रीतही प्रसिद्ध झाली. सूक्ष्म अंशांऐवजी ढोबळ अवस्था देण्याचे हेही एक कारण मानले जाते. वेब-पानांसाठी डब्ल्यूथ्रीसी या वेब-मानके ठरवणाऱ्या संस्थेने आखलेल्या संगणन-दाब (प्रोसेसरवरील ताण कळवणाऱ्या) मानकात, जे २०२४ मध्ये क्रोम १२५ मध्ये उपलब्ध झाले, तापमान मुळीच उघड केले जात नाही. चारच अवस्था कळवल्या जातात, आणि त्या बदलल्याच्या सूचनांचा वेगही मुद्दाम अनियमित करण्याची तरतूद आहे.