लंब (त्रिकोणाचा)

त्रिकोणाच्या शिरोबिंदूतून समोरच्या बाजूवर, किंवा ती बाजू वाढवून मिळणाऱ्या रेषेवर, टाकलेला लंब रेषाखंड. शालेय पुस्तकांत यास 'शिरोलंब' म्हणतात. क्षेत्रफळाच्या संदर्भात 'उंची' हा शब्द रूढ आहे. जुन्या भारतीय गणितग्रंथांत लंब ज्या बाजूवर पडतो ती 'भूमी' आणि लंबामुळे होणारे तिचे दोन भाग म्हणजे 'आबाधा'. क्षेत्रफळ ठाऊक असल्यास त्याच्या दुपटीला भूमीने भागले की लंब मिळतो. खरा प्रश्न केवळ तीन बाजू दिलेल्या असताना उभा राहतो.

आर्यभटाने (इ. स. ४९९) 'त्रिभुजस्य फलशरीरं समदलकोटीभुजार्धसंवर्गः' या श्लोकार्धात क्षेत्रफळ सांगितले: समदलकोटी आणि अर्धी भूमी यांचा गुणाकार. यातील 'समदलकोटी' या शब्दाचा अर्थ वादग्रस्त आहे. शब्दशः घेतल्यास भूमीचे दोन समान भाग करणारी कोटी, म्हणजे उभी रेषा, असा अर्थ होतो आणि नियम फक्त समभुज व समद्विभुज त्रिकोणांपुरता उरतो. पहिल्या भास्कराने (इ. स. ६२९) हा अर्थ नाकारून तो शब्द लंब या अर्थाने रूढ मानला. मूळ श्लोकात 'त्रिभुजस्य' या पदास कोणतेही विशेषण नाही, हे पाहता त्याचे मत अधिक ग्राह्य वाटते. मात्र लंब कसा काढावा, हे या श्लोकात नाही.

ती रीत ब्रह्मगुप्ताच्या 'ब्राह्मस्फुटसिद्धांता'त (इ. स. ६२८) आढळते, दुसऱ्या भास्कराचार्यांनी 'लीलावती'त (सु. ११५०) ती उदाहरणांसह मांडली. लंबाचा वर्ग दोन्हीकडे सामाईक असल्याने दोन भुजांच्या, म्हणजे भूमीखेरीजच्या बाजूंच्या, वर्गांतील फरक हाच दोन आबाधांच्या वर्गांतील फरक असतो. म्हणून भुजांच्या बेरजेला त्यांच्या वजाबाकीने गुणून भूमीने भागावे. हा भागाकार भूमीत मिळवून व भूमीतून वजा करून निम्मे केले की आबाधा मिळतात; भुजेच्या वर्गातून तिच्या बाजूच्या आबाधेचा वर्ग वजा करून वर्गमूळ घेतले की लंब. भुजा १३ व १५, भूमी १४ असता आबाधा ५ व ९, लंब १२ आणि क्षेत्रफळ ८४ येते.

'लीलावती'तील पुढचे उदाहरण अधिक मोलाचे आहे. भुजा १० व १७, भूमी ९. सत्तावीस गुणिले सात भागिले नऊ, म्हणजे २१. नवातून एकवीस जात नाहीत; उलट वजाबाकी करून निम्मे केल्यास ६ उरतात. ही आबाधा ऋण, म्हणजे 'दिग्वैपरीत्येन', उलट दिशेची, असे भास्कराचार्य सांगतात. दुसरी आबाधा १५, लंब ८, क्षेत्रफळ ३६. आकृती काढताना नऊ एककांच्या पायावर गुण्या कितीही सरकवला तरी त्याची उभी कड शिरोबिंदूला भिडत नाही; पाया बाहेर सहा एकके वाढवावा लागतो. ऋण संख्येला भूमितीत दिशेचा अर्थ देणारे हे फार सुंदर स्थळ आहे.

ग्रीक परंपरेत युक्लिडच्या 'एलिमेंट्स' या ग्रंथाच्या दुसऱ्या पुस्तकातील १२ व १३ ही विधाने याच विषयाची आहेत. हेरॉनच्या 'मेट्रिका'तही १३, १४, १५ हाच त्रिकोण येतो. हेरॉनचा काळ बहुधा इ. स. पहिले शतक.

तिन्ही लंब एकाच बिंदूत, लंबसंपातात, मिळतात. विशालकोन त्रिकोणात हा बिंदू आकृतीबाहेर, काटकोन त्रिकोणात काटकोनाच्या शिरोबिंदूवरच असतो.