सुवोशोव्हा : एका रस्त्यावर सहा हजार माणसं?

पोलंडमधल्या सुवोशोव्हा गावाचा ड्रोनने काढलेला तो फोटो पाहिला असेलच : एक लांबलचक रस्ता, दुतर्फा घरं, मागे रंगीत पट्ट्यांची शेतं. ‘इथे 6000 लोक एकाच रस्त्यावर राहतात’ हे मात्र खरं नाही. हा आकडा साधारणपणे संपूर्ण ग्मिनाचा, म्हणजे आपल्या गटग्रामपंचायतीसारख्या घटकाचा आहे; त्यात व्येल्मोझा आणि व्होला कालिनोव्स्का ही गावंही येतात.

क्राकोच्या वायव्येला, प्रॉन्डनिक नदीच्या उगमाकडे, गाव दरीतल्या रस्त्याला धरून लांबलं. वाटण्या होताना शेताचे उभे तुकडे पडत गेले, कारण आडवं कापलं तर मागच्या भावाला रस्ता कुठून? पट्टे चिंचोळे झाले ते त्यामुळे. पोलंडमध्ये सामुदायिक शेतीची सक्ती 1956 नंतर बारगळली, म्हणून बांध टिकले. रंगांमागे फोटोशॉप असेलच असं नाही. शेजारी शेजारी वेगळी पिकं असतात, एवढंच.